रुखवत कोनं केलं?

लग्नात रुखवताच्या टेबलाभोवती बाया जमल्या का त्यातली एखादी इचारतेच, "रुखवत कोनं केलं?" अन् नवरीकडची बाई मान वर करून सांगते, "नवरीनं!" हे असंच असते. रुखवत मावशीनं केलं असो, शेजारनीनं केलं असो, का खामगावच्या दुकानातून खोक्यात घालून आनलं असो, सांगायचं नवरीनंच. इचारनारीले माहीत असते, सांगनारीले माहीत असते, अन् नवरी बिचारी तवा पार्लरवालीच्या हाताखाली डोळे मिटून बसलेली असते. कोनी मनावर घेत नाही.

सिंधूताईनं घेतलं.

सिंधूताई म्हनजे नवरदेवाची माय, डोणगावची. वडनेर भोलजीच्या मांडवात ती रुखवतापाशी आली अन् पाय रोवून उभीच राह्यली. काडेपेटीच्या काड्यायची बैलगाडी, पिस्त्याच्या टरफलांचं कमळ, लोकरीचं तोरन, कापसाचे ससे. ससे तर असे, का वऱ्हाडातल्या एका पोट्ट्यानं त्यायच्या म्होरं गाजर आनून ठेवलं अन् खाईनात म्हनून रडत बसला. सिंधूताईनं एकेक वस्तू बोटानं हलकेच दाबून पाह्यली अन् इचारलं. नवरीची जयमाला मावशी, जिनं सारा उन्हाळा पाठ मोडून हे सगळं केलं होतं, तिनं रिवाजापरमानं ठोकून देल्लं, "आमच्या सुवर्णानं! एकटीनं! कोनाचा हात लागू देल्ला नाही."

आता सुवर्णाच्या हाताचं सांगतो म्हनजे कळन. शाळेत शिवनाच्या तासाले तिनं रुमालात सुई घातली, ती रुमालातून फ्रॉकात गेली, फ्रॉकातून बाजूच्या पोरीच्या रिबिनीत, तिथून तिसरीच्या दप्तरात. तास सुटला तवा वर्गातून पोरी निघाल्या त्या मालगाडीच्या डब्यायसारख्या एकमेकीले जोडून. बाईनं कैची आनली तवा डबे सुटले. तवापासून सुवर्णाले कोनी सुई देल्ली नाही अन् तिनं मांगितली नाही.

लग्न झालं, सुवर्णा डोणगावले आली, अन् तिच्या आधी तिचं रुखवत गावात पोचलं. सिंधूताई नळावर सांगे, दळनाच्या गिरनीत सांगे, मेहकरच्या एसटीत अनोळखी बाईले सांगे. "आमच्या सुनेचा हात म्हनजे काय सांगू! कापसाले हात लावला का ससा उठून बसते." दुसऱ्या महिन्यात ससे दोनाचे बारा झाले. तिसऱ्या महिन्यात बैलगाडीचे बैल शेपट्या हालवू लागले. सुवर्णा भाकरी थापता थापता हे ऐके अन् काय करनार, हसे. तिचं एकेक हसू म्हनजे दाराले एकेक खिळा. पह्यल्या दिवशी बोलली असती तर हसन्यावारी गेलं असतं. आता तिची या घरात जी काही पत होती ती सगळी त्या सश्यायच्या पाठीवर बसली होती. सासू तिले कपडे धुऊ देत नव्हती, हात खरबरीत होतीन म्हनून. मिरच्या निवडू देत नव्हती, बोटं झोंबतीन म्हनून. अन् इतक्या लाडात सुवर्णाले घास गिळवत नव्हता, कारन लाड दुसऱ्याच कोन्या सुनेचे चालले होते, अन् ती सून काही या घरात आलेली नव्हती.

कापूस येचनीत आला तवा नणंदेचं जमलं. मंजुश्रीचं. पाहुने पिंपळगाव राजाचे, पोरगा चांगला, मानसं साधी. साक्षगंध, म्हनजे साखरपुडा, इतवारी घरच्या घरीच करायचं ठरलं. सिंधूताईनं बैठकीच्या खोलीकडं पाह्यलं. चुन्याचे पोपडे, पंख्याचा काळा डाग, कोपऱ्यात सोयाबीनच्या पोत्यायची खून.

"आपन बैठक रंगवू," ती म्हनली. "पेंटर नाही, बिंटर नाही. आपली सून काय कमी हाय का? भिंतीवर मोर काढ, दाराले तोरन कर, कोनाड्यात काहीबाही ठेव. पिंपळगाववाल्यायचे डोळे पांढरे झाले पाह्यजेत."

सासरे दयाराम कमी बोलत. त्यायनं मोटारसायकलवर मेहकरहून पांढऱ्या डिस्टेंपरची बादली आनली, रंगाच्या छोट्या छोट्या बाटल्या आनल्या, लोकर आनली, टिकल्या, मनी, रंगीत कागद आनला. "दुकानदारानं इचारलं, किती भिंती," ते म्हनले. "म्या म्हनलं, भिंत कमी हाय, हात मोठा हाय."

सुवर्णानं बाटल्या मोजल्या. तिनं ठरवलं, बस, आता सांगायचं. ती अंगनात गेली. सिंधूताई शेजारच्या वच्छलाबाईसोबत खाटेवर बसली होती.

"आई, मले काही सांगायचं हाय."

"सांग ना पोरी. पन आधी ऐक, या वच्छलाबाई काय म्हनतात."

"काय नाही वं," वच्छलाबाई म्हनली. "तू भिंतीवर काढनार म्हनतात, तं आमी चार बाया येऊन बसतो. हात कसा फिरवतं ते पाहू तरी. माह्या पोरीलेबी आनतो शिकाले."

चार बाया! सुवर्णाले डोळ्यासमोर ती मालगाडी दिसली. अन् जे सांगायचं होतं ते राह्यलं, तोंडातून दुसरंच निघालं.

"नाही जी. मी दार लावून करतो. एकटीच. कोनी पाह्यलं का माह्या हातच चालत नाही."

वच्छलाबाईचं तोंड पडलं. सिंधूताईचं मात्र असं उजळलं का अंगनातल्या कोंबडीले वाटलं दिवस उगवला.

"ऐकलं का? कलाकाराचं असंच असते."

शनवारी सकाळी सिंधूताईनं सुवर्णाले चहा पाजला, बैठकीत नेलं, खिडकीच्या काचायले पेपर चिटकवले अन् बाहेर आली. मंग कडीचा आवाज झाला. खाड्. बाहेरून.

"आई? कडी काऊन लावली?"

"पोट्टे घुसतात वं. घाबरू नको, मी अठीच हाय." अन् तिनं दारात खाट आडवी टाकली अन् तिच्यावर बसली. "काही लागलं तं आवाज दे. जेवन खिडकीतून देतो. मंजू सैपाक करीन. तू फक्त मोरात लक्ष ठेव."

सुवर्णानं खोलीकडं पाह्यलं. चार भिंती, एक मेज, एक खुर्ची, एक बादली, लोकरीचा ढीग. खिडकीले गज. तिनं एका गजाले हात लावून पाह्यला, पक्का होता. मंग तिनं पदर डोक्यावरून घेतला, फोन पदरात घातला अन् मावशीले लावला. मावशी वडनेरले वावरात कापूस येचून राह्यली होती.

"मावशी, मी फसली. मोर कसा काढतात?" ती कुजबुजली.

"कोन? सुवर्णा? मोठ्यानं बोल ना."

"मोठ्यानं नाही बोलता येत. दारात सासू हाय. मोर सांग, मोर!"

"आधी अंडं काढ."

"कोंबडीचं?"

"अवं, अंड्यासारखं गोल! मंग त्याले मान लाव. मान कशी, वांग्याच्या देठासारखी वाकडी."

सुवर्णानं बादलीत निळ्या रंगाचे दोन थेंब टाकायचे तं बाटलीच उलटी झाली. निळं फार झालं म्हनून पिवळं वतलं. हिरवं फार झालं म्हनून गुलाबी वतलं. मंग जो रंग झाला त्याले नाव नाही. करपलेल्या वरनाच्या तळाशी जो असते ना, त्याच्या जवळपासचा. तिनं भिंतीवर अंडं काढलं. अंड्याले देठ लावला. पाहून तिचं तिलेच कळलं, हे वांगं झालं.

"पिसारा कसा करू?" तिनं इचारलं.

"हाताचा पंजा रंगात बुडव अन् ठपके मार. लेकरालेबी येते."

तिनं ठपके मारले. रंग पातळ होता, तो खाली वाहू लागला. वांग्याले पाऊस लागला. तितक्यात मावशीकडलं नेटवर्क गेलं.

दाराबाहेर वच्छलाबाई हळूच इचारत होती, "आत कोन बोलून राह्यलं?"

"मोराशी बोलते ती," सिंधूताई म्हनली. "बोलल्याशिवाय रंग धरत नाही तिचा. मले आधीच ठाऊक होतं."

"बाप्पा! अन् मोर काय म्हनते?"

"ते कलाकाराचं अन् मोराचं. आपन कायले ऐकाव?"

आत सुवर्णानं भिंतीले डोकं टेकवलं. रंग ओला होता, कपाळाले लागला. एका दाराचं अंतर. इकडं सासूचा आवाज ऐकू येत होता, तिची बांगडी वाजलेली ऐकू येत होती, अन् हाक मारून तीन शब्द सांगायचे होते, 'मले येत नाही'. तीनच शब्द. पन शब्दायच्या वाटेवर वच्छलाबाई बसली होती, नळावरच्या बाया बसल्या होत्या, एसटीतली अनोळखी बाई बसली होती. कोनाकोनाले उठवनार?

सांजच्याले ती बाहेर आली. सिंधूताईनं आत नजर जाऊ नये म्हनून स्वतःचेच डोळे झाकले, दाराले कुलूप घातलं अन् किल्ली कमरेले खोचली. "मी काही पाह्यलं नाही हो," ती म्हनली. "उद्या पाहीन. सगळ्यायसोबत." सुवर्णाच्या कपाळावरचा रंग पाहून तिनं तो पुसूबी देल्ला नाही. "राहू दे, शोभते."

सुवर्णानं नवऱ्याले, अश्वजितले, बाजूले घेऊन सांगितलं. सगळं. तो आधी पोट धरून हसला. मंग त्याच्या ध्यानात आलं अन् हसू उतरलं.

"आता कायले सांगतं वं? पाहुने उद्या येऊन राह्यले."

"मंग काय करू?"

"काहीतरी कर. फोनवर पाहून कर. पन आईचं नाक कापू नको. तिनं पिंपळगाववाल्यायले मोबाईलवर मोर सांगून ठेवला."

म्हनजे कुलपाची एक किल्ली सासूच्या कमरेले अन् दुसरी नवऱ्यानं गिळली.

इतवारी सकाळी पुन्हा खाड्. सुवर्णानं सगळं काही करून पाह्यलं. भिंतीवर वरून पांढरा मारावा तं पांढरा राह्यलाच नव्हता, सारी बादली त्या वरनात गेली होती. मंग तिनं वांग्याले चोच लावली, पाय लावले. एक पाय जमला, दुसरा नाही. टिकल्यायचा डोळा केला, तो टक लावून तिच्याकडंच पाहू लागला. तोरन करता करता लोकर तिच्या बांगड्यायत गेली, बांगड्यायतून खुर्चीच्या पायात, अन् दुपार झाली तवा सुवर्णा अन् खुर्ची एक जीव झाल्या होत्या. ती तशीच बसली. खुर्चीबिगर उठता येत नव्हतं, खुर्चीसकट कुठं जाता येत नव्हतं.

अन् सिंधूताईले राहवलं नाही. तिनं कडी काढली. इतकीशी फट केली. मंग सारं दार लोटलं.

तिनं भिंत पाह्यली. मंग सुवर्णाले पाह्यलं. मंग पुन्हा भिंत.

"हे काय हाय?"

"मोर."

"अन् हात? हाताले काय झालं तुह्या?"

"काही नाही झालं. हात असाच हाय माह्या. पह्यलेपासून." सुवर्णा आता थांबली नाही. "रुखवत जयमाला मावशीनं केलं होतं. सगळं. मले यातलं काही येत नाही, आई. काहीच नाही."

"मांडवात तं म्हनले…"

"मांडवात सगळेच म्हनतात."

सिंधूताई दारातच खाली बसली. "हाव, म्हनतात," ती हळूच बोलली. "माह्या लग्नात बी म्हनले होते. पन मले वाटलं, या बारीनं खरं असन. मी किती बोलली बाई. गावभर." मंग तिनं मान वर केली, अन् तिचा आवाज बदलला. "आन् तू ऐकत होती. समोर बसून ऐकत होती, हसत होती. मंग तुह्यं खरं काय होतं वं आतापर्यंत? मी ज्या पोरीचे लाड केले ती हाय कुठं?"

हेच भेव सुवर्णाच्या छातीवर इतके महिने बसलं होतं. मोर नाही, तोरन नाही. हे.

तेवढ्यात रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. दयाराम अंगनातून म्हनले, "आले पाहुने!"

सिंधूताई उठली. सुवर्णाले वाटलं, ही आता बाहेर जाईन अन् मी आत राहीन. पन सिंधूताईनं दार आतून लावलं. आता दोघीबी आत. तिनं कैची घेतली, लोकर कापली, सुवर्णाले खुर्चीपासून सोडवलं. भिंतीवर काही झाकता येते का म्हनून इकडंतिकडं पाह्यलं. चादर लावली, ती ओल्या रंगाले चिटकली अन् काढली तं मोराची मान लांब झाली. बाहेर 'जय भीम, जय भीम' चाललं होतं, पानी देऊन राह्यले होते, अन् दोघी सासूसुना भिंतीसमोर उभ्या, पिंजऱ्यात सापडल्यावानी.

"आई, दार उघडा," अश्वजितनं हाक मारली. "आत बसवायचं हाय सगळ्यायले. वंदना घ्याची हाय."

सिंधूताईनं पदर सारखा केला अन् कडी काढली.

पाहुने आत आले. पाच-सहा बाया, तेवढेच मानसं, अन् सगळ्यायच्या म्होरं नवरदेवाची आजी, महामाया. आजी वाळल्या मिरचीएवढी, पन जीभ साऱ्या पिंपळगावाएवढी. मेजावर पांढऱ्या कापडावर बुद्धाची मूर्ती होती, तिले तिनं हात जोडले. मंग मान फिरवली अन् भिंत पाह्यली.

"हे काय हाय बाई?"

"मोर हाय जी," सिंधूताई म्हनली. "म्या काढला."

सुवर्णानं चमकून पाह्यलं. दाराशी वच्छलाबाईनं बी पाह्यलं.

"सुनेचा हात भाजला," सिंधूताई खाली पाहत बोलली. "म्हनून मीच बसली. आता मले कुठं जमते? हौस, दुसरं काय."

"हा मोर?" महामाया आजी जवळ गेली. "मले वाटलं कोंबडा हाय अन् त्याले हगवन लागली हाय."

पाहुन्या बाया तोंडाले पदर लावून हसल्या. मंग पदर सुटले. वच्छलाबाई तं अशी हसली का तिले भिंतीचा आधार घ्यावा लागला अन् तिचा बी पंजा मोराच्या पिसाऱ्यात उमटला. "सिंधूबाई, या वयात कायले रंगात हात घालता वं!" "एक पाय कुठं गेला, मेहकरले?" "डोळा पाहा, डोळा! उधारी मांगाले आल्यासारखा पाहते!"

सिंधूताई हसली नाही, रागावली नाही. डोणगावात जिच्याशी बोलन्यात कोनी जिंकलं नव्हतं ती बाई मान खाली घालून सतरंजीची सुरकुती काढत बसली. सुरकुती नव्हतीच.

सुवर्णा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिले कळलं, ती सुटली. सासूनं तिले सोडवलं. आता काही बोलायची गरज नाही. हात भाजला म्हनायचं, दोन दिवस फडकं बांधायचं, अन् मंग हात कधी बरा झालाच नाही म्हनायचं. जलमभराची सुटका. फक्त ते फडकं जलमभर बांधून ठेवा लागन. अन् प्रत्येक वेळी कोनी या भिंतीवर हसलं का सासू खाली पाहीन, अन् आपन तिच्याकडं पाहायचं नाही.

तिनं ट्रे मेजाच्या कोपऱ्यावर ठेवला. कप खडखडले.

"आजी, तो मोर माह्या हाय."

आजीनं मान वळवली.

"आई खोटं बोलल्या. माह्या हात भाजला नाही. म्याच काढला तो, काल अन् आज, दार लावून. अन् लग्नातलं रुखवत बी माह्या हातचं नव्हतं, माह्या मावशीचं होतं. तुमाले फोनवर जे सांगितलं ते आईले खरं वाटलं होतं म्हनून सांगितलं. त्यायनं कोनाले फसवलं नाही. म्या फसवलं."

सिंधूताईनं झटकन वर पाह्यलं. मंजुश्रीच्या हातातला हार तसाच राह्यला. अश्वजित दाराआड सरकला. दयारामनं घसा खाकरला अन् एक कप उचलून फुंकर मारली.

महामाया आजीनं सुवर्णाले खालपासून वरपर्यंत पाह्यलं. "म्हनजे तुले भरतकाम येत नाही?"

"नाही."

"इनकाम?"

"नाही."

"रंगाचं तं दिसूनच राह्यलं. मंग तुले येते काय वं?"

सिंधूताईनं तोंड उघडलं. सुनेबद्दल कोनी इचारलं अन् ती बोलली नाही असं आजवर झालं नव्हतं, तोंडाले सवयच तशी. पन तोंड उघडं राह्यलं अन् आतून काही आलं नाही. तिनं आठवून पाह्यलं. ससे आठवले, बैलगाडी आठवली, शेपट्या हालवनारे बैल आठवले. त्या सगळ्यायच्या मांगं उभी असलेली ही पोरगी, इतके महिने एका ताटात जेवली, अन् हिच्याबद्दल सांगाले तिच्यापाशी एक गोष्ट नव्हती.

तिनं तोंड मिटलं. मंग सुवर्णाकडं वळून म्हनली, "सांग वं. मले बी माहीत नाही."

सुवर्णानं हाताले लागलेला रंग पदराले पुसला.

"मले पोहता येते," ती म्हनली. "वडनेरले आमच्या वावरात विहीर हाय. कठड्यावर उभी राहून मी उलटी उडी मारतो. पाठीकडून. खाली जाऊन तळाची माती मुठीत घेऊन वर येतो."

"पाठीकडून?" वच्छलाबाईचं हसू तोंडातल्या तोंडात थिजलं.

"हाव."

महामाया आजीचा कप ओठापाशी थांबला. सिंधूताई मात्र सतरंजीवर बाजूले सरकली, अन् सरकलेल्या जागेवर हात आपटून सुनेले बसाले खुनावलं.

"किती खोल हाय वं ती विहीर?" तिनं इचारलं.